दारातला तेलाचा डाग

कोपर्निकस मार्गावर क्षिप्राची कोरी कोल्हापुरी काळ्याकुट्ट तेलात पडली, आणि तिचं डोकंच फिरलं.

"ही गाडी तुमची?"

"हो." किक मारता मारता त्यानं मान वर केली. "ब्रिटिश आहे. सत्तर वर्षांची. तेल गळतं हिचं... रीतच आहे या गाड्यांची."

"मग लंगोट बांधा हिला!"

तो खळखळून हसला – आणि तिथंच सगळा घोळ झाला.

त्याचं नाव सुजय. शाळेत असल्यापासून जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचं वेड. रेसचा सीझन आला की हा पठ्ठ्या हीच गाडी घेऊन ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर पोचलाच. लक्ष्मीबाई नगरात क्षिप्राच्या घरी तो यायला लागला, तेव्हा गाडीखाली आठवणीनं पुठ्ठा घालायचा. सरकारी क्वार्टर, उगाच डाग नको! आईला केवढं कौतुक. क्षिप्रालाही होतं... स्वानंदी भेटेपर्यंत.

फरीदाबादला स्वानंदीच्या घरामागेच तिचं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप होतं. जी गाडी सुरू करताना सुजय घामाघूम व्हायचा, ती स्वानंदी एका किकमध्ये सुरू करायची. दोघं कार्बोरेटरवर बोलायला लागले की क्षिप्रा आपली कडेला, लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखी. आणि रेसच्या गाडीला सीट एकच! तो गाडीवर, ही मेट्रोत. असं वेगवेगळ्या रस्त्यांनी कुणी प्रेम करतं का? बरं, त्यानं अजून तोंडानं काही कबूलही केलं नव्हतं.

संक्रांतीला स्वानंदीच्या आईनं हळदीकुंकवाला बोलावलं. फाटकाशी सुरेख रांगोळी, आणि तिला खेटून तेलाचा डाग. ताजा, ओला.

"सुजय आला होता?" क्षिप्रानं सहज विचारल्यासारखं केलं.

"रोजच येतो सध्या," स्वानंदी गालात हसली. "तिळगूळ घे, गोड बोल."

क्षिप्राच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या दारात पुठ्ठा, परक्याच्या घरी जावं तसा. आणि हिच्या दारात हक्कानं डाग!

ती घरी परतली, तेवढ्यात खाली ओळखीची धडधड ऐकू आली. ती तरातरा जिना उतरली. सुजय पिशवीतून पुठ्ठाच काढत होता.

"फरीदाबादला नाही लागत वाटतं पुठ्ठा?"

"अं? ...क्षिप्रा, तू जळतेस?"

"बिल्कुल नाही!" तिचा आवाज चिरकला. "हो, जळते. त्या पोरीवर जळते, तुझ्या या खटाऱ्यावरही जळते. यार, या सगळ्यात माझी जागा कुठंय, ते तरी सांग!"

 तो नुसता बाजूला झाला.

त्याच्या सीटमागे एक नवी सीट होती. छोटीशी, मरून रंगाची.

"स्वानंदीनं बसवली, आजच पुरी झाली. गाडी तिथं एकटी सोडवेना, म्हणून रोज जाऊन समोर बसायचो," तो मान खाली घालून म्हणाला. "गाडीचं वजन वाढलंय. यंदा रेस हरणार बहुतेक... हरू दे. इतकी वर्षं एकट्यानं चालवली. आता नाही चालवायची एकट्यानं. तू मला हवी आहेस, क्षिप्रा. बसशील?"

तिचे डोळे भरून आले. पण जीभ कुठली गप्प बसायला!

"रेसपुरती काढ सीट. मला हरलेला माणूस नकोय. संध्याकाळी मात्र परत लावायची."

"अच्छा... म्हणजे हो?"

 तो गाडीखाली पुठ्ठा सरकवायला वाकला, तेव्हा तिनं तो पायानं दूर लोटला.

"अगं, डाग पडेल! काकू ओरडतील."

"ओरडू दे," क्षिप्रा म्हणाली. "पडू दे डाग. अख्ख्या लक्ष्मीबाई नगराला कळू दे, ही गाडी कुणाच्या दारात थांबते ते."