मागची भिंत सुकत नाही

महापुरात माणूस माणसाला ओळखतो, असं शहराच्या पूर-मदत कक्षाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्याखाली जरा बारीक अक्षरांत, ओळखपत्राशिवाय आत प्रवेश मिळणार नाही, असंही लिहिलं होतं.

या कक्षातर्फे घरादुकानांच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या गृहस्थांना सगळे ओलेसाहेब म्हणत. त्यांच्याकडे दोन टोकदार सुयांचं एक यंत्र होतं. ते भिंतीत टोचलं की आत किती ओल आहे ते कळे. पूर ओसरल्यापासून साहेब तळघरामागून तळघर टोचत निघाले होते. शहरात गाळ होता, वास होता आणि साहेबांना सर्दी होती. त्यामुळे तीनपैकी एका गोष्टीचा त्रास त्यांना होत नव्हता.

सकाळी कक्षात पाऊल टाकतात न टाकतात तोच फोन वाजला.

"ओलेसाहेब, पडद्यांच्या दुकानातून बोलतेय. ओल शोषायचं तुमचं यंत्र सारखं चालू आहे. बाकीच्या भिंती सुकत आल्या. मागची भिंत सुकत नाही."

"सुकेल हो, वहिनी. एखादी भिंत असते हट्टी."

"आणि तळघर लहान झालंय."

साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. "लहान म्हणजे?"

"म्हणजे... मला तसं वाटतं. भाऊजी म्हणतात, वहिनी, तुम्हाला आता काहीही वाटायला लागलंय. पण तुम्ही आजच या. या ना."

पडद्यांचं दुकान दोघा भावांचं होतं. थोरला गल्ल्यावर बसायचा. धाकटा घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायचा. पुराच्या रात्री थोरला नाहीसा झाला तो झालाच. वाहून गेला, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं आणि कक्षानेही त्याला पूरबळींत मोजलं होतं. वहिनींनी मात्र ठरवलं नव्हतं. नवऱ्याचा घरी राहिलेला मोबाईल त्या रोज चार्ज करून ठेवत.

धाकट्याला सगळी गल्ली भाऊ म्हणायची. आता तर शहरच म्हणायला लागलं होतं. त्या रात्री पडद्यांना गाठी मारून कुणीतरी दोर केला आणि अंधारात समोरच्या चाळीतली अख्खी बिऱ्हाडं गच्चीवर ओढून घेतली. सकाळी उजाडलं तेव्हा गच्चीवर भाऊ होता आणि पडद्यांचा ढीग होता. लोकांनी हिशेब मांडला. उद्या नगरभवनात त्याचा सत्कार होता.

साहेब पोहोचले तेव्हा भाऊ दारातच होता. गळ्यात नेहमीची टेप. पायांत काळे गमबूट, वर पांढरी पट्टी, चालताना टाचेशी फटफट वाजणारे.

"या साहेब! वहिनींनी उगाच तुम्हाला धावायला लावलं."

"धावायचाच पगार मिळतो. बूट झकास आहेत हो."

"तुमच्याच मदतीतले की!"

"आम्ही बूट मागवले होते," साहेब नाक पुसत म्हणाले. "छत्र्या आल्या." असे पांढऱ्या पट्टीचे बूट नदीपलीकडच्या छावणीत वाटल्याचं त्यांनी ऐकलं होतं आणि चारचौघांत हळहळही व्यक्त केली होती. "पलीकडे गेला होता वाटतं?"

"मी? पूर आल्यापासून ही गल्ली सोडलेली नाही मी. कुणालाही विचारा. इतके लोक येतात, काय काय देऊन जातात. कुणीतरी दिले."

वहिनी कंदील घेऊन पुढे झाल्या. तळघरात वीज नव्हती. यंत्रापुरती एक वायर वरून सोडलेली होती. जिना उतरताना थंडावा आधी पायांना लागला, मग छातीला. खाली यंत्र एकसुरी घुमत होतं, कुणीतरी तोंड मिटून कण्हावं तसं. फरशी उजव्या कोपऱ्यातल्या मोरीकडे उतरती होती. भिंतींवर पाण्याची खूण होती. गाळाची तपकिरी रेघ, छातीइतकी उंच. पूर ओसरल्यावरही तिच्याखाली कित्येक दिवस पाणी उभं होतं; वरचा भाग तेव्हाच सुकत आला होता. आता तिथे नुसता अंधार उभा होता.

साहेबांनी डावी भिंत टोचली. तळाशी ओल, रेघेच्या वर कोरडी. उजवी टोचली. तसंच. मग मागची.

तळाशी ओल. कमरेशी ओल. रेघेच्या वर ओल. साहेब रिकाम्या खोक्यावर चढले आणि छताला लागून सुया टोचल्या.

तिथेही ओल. तेवढीच.

"काय साहेब?" जिन्यावरून भाऊने विचारलं.

"काही नाही." साहेब शिंकले. मग त्यांनी कंदील कोपऱ्याकडे नेला. डाव्या कोपऱ्यात मागच्या भिंतीवरची रेघ शेजारच्या रेघेला बरोब्बर भेटत होती. मोरीच्या कोपऱ्यात मात्र ती चार बोटं खाली होती.

"पाणी हलत होतं ना," भाऊ म्हणाला. "लाटा असतात."

"असतात ना," साहेब म्हणाले. "वहिनी, वर चला. इथली हवा चांगली नाही."

वर आल्यावर त्यांनी दुकानाबाहेर जाऊन फौजदारांना फोन लावला. फौजदारांनी आधी नाही म्हटलं, मग कंटाळून हो म्हटलं.

दुपारी पहारीचे घाव बसले. पहिली वीट आत पडली आणि पहार धरलेला मजूर मागे सरकला तो थेट जिन्यापर्यंत. साहेबांना सर्दी होती. बाकीच्यांना नव्हती.

भिंतीच्या मागे आणखी एक भिंत होती, जुनी, खरी. दोन भिंतींमध्ये हातभर जागा होती. त्या हातभर जागेत थोरला बसवलेला होता. डोक्याला मागून जखम. अंगावर धड सदरा, पाण्यागाळाचा डाग नसलेला. पाय अनवाणी, तळवे स्वच्छ.

वहिनी वर होत्या. कुणी सांगायला गेलं नाही. खालचं बोलणं थांबलं तेव्हाच त्यांना कळलं.

फौजदार झटपट निकाल लावणारे गृहस्थ होते. मागच्या बोळात विटांचा ढीग होता. ढीग शेजारच्या ठेकेदाराचा. ठेकेदार मूळचा गवंडी आणि जातिवंत भांडखोर. मोरीचं पाणी कुणाच्या तळघरात झिरपतं यावरून थोरल्याशी त्याची कायम जुंपलेली असायची. घटकाभरात ठेकेदार दुकानातल्या स्टुलावर बसला होता आणि दारात हवालदार उभा होता.

"विटा कुणाच्या?"

"माझ्याच. मग?"

"भिंत कुणी बांधली?"

"मला काय विचारता? मी बांधली असती तर बिल दिलं असतं."

"थोरल्याला तू काय धमकी दिली होतीस?"

"पुरून टाकीन म्हणालो होतो." ठेकेदार घुटमळला. "म्हणजे, बोलतो माणूस. तुम्ही नाही बोलत?"

"मी बोलत नाही, लिहून घेतो," फौजदार म्हणाले. "भिंत बांधायला गवंडी लागतो, या गल्लीत गवंडी तू एकटा. ऊठ."

ठेकेदाराचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. तो इकडेतिकडे बघू लागला. त्याच्या बाजूने बोलेल असं कुणी त्याने आयुष्यात मिळवलंच नव्हतं.

वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "साहेब, मला खरं हवंय. कुणीतरी एक पकडलेला नको."

ओलेसाहेबांनी घसा साफ केला. "फौजदारसाहेब, याला नेण्याआधी दोन शब्द बोलू?"

"ओलीबद्दल?"

"दुसरं कळतंय कुठे मला! पुराची ओल खालून चढते. पाण्याच्या रेघेवर ती संपत जाते. ही भिंत छतापर्यंत सारखी ओली होती. असा ओलावा पुराचा नसतो, ताज्या सिमेंटचा असतो. म्हणजे भिंत पुरानंतर बांधली आणि जुनी वाटावी म्हणून तिच्यावर गाळाने रेघ काढली."

"ते आम्हालाही दिसलं. मेलेला माणूस बघूनच कळलं."

"पण रेघ कुणी काढली? ठेकेदार, तुम्ही भिंतीवर दोन टोकांना एका पातळीत खुणा करायच्या झाल्या तर काय करता?"

"पाणी भरलेली नळी धरतो. दुसरं काय करणार?"

"फरशीपासून मोजत नाही?"

"फरशी उतरती असली तर? वेडा आहे का मी?" ठेकेदार खरोखरच दुखावला गेला. खुनाच्या आरोपानेही तो इतका दुखावला नव्हता.

"या तळघराची फरशी मोरीकडे उतरती आहे," साहेब म्हणाले. "पाणी सपाट उभं राहतं, फरशी कशीही असो. ही खोटी रेघ मात्र फरशीबरोबर उतरत गेलीय. म्हणजे काढणाऱ्याने डाव्या कोपऱ्यात उंची मोजली आणि तेवढीच उंची सगळीकडे फरशीपासून वर धरली. विटा बोळातून कुणीही उचलील आणि कशाही रचील, पण गवंडी रेघ अशी काढत नाही. असं करतो पडदेवाला. पडद्याची खालची कड सगळीकडे जमिनीपासून सारखी वर राहिली पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक बोंबलतं. जन्मभराची सवय. हात आपोआप तसाच मोजतो."

कुणीही भाऊकडे बघितलं नाही. भाऊचा हात मात्र गळ्यातल्या टेपकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

"साहेब, सर्दी डोक्यात गेलीय तुमच्या," तो हसून म्हणाला. "दादा पुरात गेला. वाहून गेलेला माणूस भिंतीत कसा येईल?"

"चालत. तो पुरात गेलाच नाही. तेही तुमच्यामुळेच कळलं. बूट काढता का?"

"काय?"

"तुम्हाला मोठे होतात. हे बूट या काठावर कुणालाही मिळालेले नाहीत, मलाही नाहीत. ते पलीकडच्या छावणीत मिळाले. तुम्ही तर गल्ली सोडली नाही म्हणता. मग पलीकडून कोण आलं? गेल्या आठवड्यात पूल सुरू झाला. बोळात अजून घोटाघोटा चिखल आहे. त्यातून आलेल्या माणसाचे तळवे स्वच्छ कसे? तो बूट घालून आला आणि बूट इथे कुणीतरी काढून घेतले."

भाऊ स्टुलावर टेकला. ठेकेदार त्याच स्टुलावरून घाईने उठला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, जेवायला हाक मारावी तसा. "बूट काढा."

भाऊने बूट काढले. दोन्हींत पडद्याच्या कापडाचे बोळे कोंबलेले होते.

"मी त्याला बोलावलं नव्हतं," तो म्हणाला. "मागच्या दाराने आला. मी तळघरात गाळ उपसत होतो. म्हणाला, पलीकडच्या काठाला लागलो, ताप होता, तिकडचे सगळे फोन बंद. हसत होता. म्हणाला, दोर टिकला ना रे? लोक वाचले ना?"

"दोर त्यांनी केला होता?" ओलेसाहेबांनी विचारलं.

"त्यानेच. शेवटच्याला वर देताना तो खाली गेला. मी गच्चीवर नुसता बसून होतो, साहेब. मला पोहता येत नाही. सकाळी लोक येऊन पाया पडायला लागले. मी काही बोललो नाही. नुसता बोललो नाही, एवढंच. मग वर्तमानपत्रवाले आले. मग सत्काराचं ठरलं. दादाला म्हटलं, सत्कार होईपर्यंत पलीकडेच राहा, मग हवं ते सांग. तो हसला. म्हणाला, वेडा आहेस, चल, आधी तुझ्या वहिनीला भेटू दे. आणि जिन्याकडे वळला."

पुढचं त्याने सांगितलं नाही. पडद्याचा लोखंडी दांडा वर दुकानातच सापडला. नव्या मालात मिसळून ठेवलेला.

"असा खून करायचाच होता, तर पुरातच गेला असं दाखवायचं," फौजदार जरा व्यावसायिक नाराजीने म्हणाले. "भिंत कशाला?"

"पाणी ओसरलेलं होतं," साहेब म्हणाले. "कोरड्या सदऱ्यातला ताजा माणूस पुरात कसा खपवणार?"

वहिनी उठल्या. भाऊसमोरून जाताना थांबल्या नाहीत. ओलेसाहेबांपाशी थांबल्या.

"म्हणजे ते घरी आले होते."

"हो."

"मला भेटायला निघाले होते."

"हो, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि जिन्याकडे गेल्या. कुणीतरी त्यांना अडवायला हवं होतं. कुणी अडवलं नाही. खाली यंत्र अजून घुमत होतं. त्यांनी ते बंद केलं तेव्हा सगळ्या दुकानाला आपण किती वेळ मोठ्याने बोलत होतो ते कळलं.

थोरल्याचा मृत्यू पुरामुळे झाला नसल्याचं पोलिसांनी कक्षाला रीतसर कळवलं. त्यामुळे पूरबळींचा आकडा एकाने खाली आला, आणि परिस्थिती झपाट्याने सुधारत असल्याचं प्रशासनाने संध्याकाळी जाहीर केलं.