जुलैतलं महाबळेश्वर

अनुपमाला आधी वाटलं, हा माणूस दुकान चुकलाय.

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, गल्लीच्या तोंडाशी ती ज्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काउंटरवर बसायची, त्याच्या शेजारी मासेमारीच्या जाळ्यांसाठी लागणाऱ्या दोऱ्याचं दुकान होतं. शहाऐंशी सालच्या जुलैतल्या त्या दुपारी ते जेवणासाठी बंद होतं, आणि एक उंच, सावळा तरुण तिच्या ऑफिसच्या पायरीवर भिजत ते उघडायची वाट बघत होता. पाऊस तिरपा होऊन काउंटरपर्यंत यायला लागला तेव्हा तिनंच त्याला आत यायला सांगितलं. तो संकोचून कोपऱ्यात उभा राहिला. केसांतलं पाणी लादीवर गळू नये म्हणून एका हातानं केस दाबून धरले होते त्यानं. आणि भिंतीवरचं डोंगराचं पोस्टर बघत राहिला… बराच वेळ.

"हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"महाबळेश्वर."

"इथं जायचं तर काय करावं लागतं?"

अनुपमा बघतच राहिली. पावसाळा सुरू झाल्यापासून तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. ऑफिसचे मालक चंद्रप्रकाश गावी गेले होते. 'पावसात आपली गाडी बंद, तू नुसतं ऑफिस उघडून बस, फोन घे,' एवढंच सांगून गेले होते. ती इथे लागली दिवाळीत, त्यामुळे हा तिचा इथला पहिलाच पावसाळा. माश्या मारून कंटाळलेल्या मुलीपुढे चक्क गिऱ्हाईक उभं होतं.

आणि गिऱ्हाईक तरी कसलं? वेसाव्याचा कोळी. हरेश्वर नाव. समुद्राच्या माणसाला डोंगर कशाला हवा, हे तिनं विचारलंच. तो हसला. लोक सुट्टीवर जातात तेव्हा आम्ही दर्यात असतो, म्हणाला. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, तेवढीच काय ती आमची सुट्टी. त्याची आई, सोनूबाई, आणि तिच्याबरोबर मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांनी यंदा हट्ट धरला होता. जिथून समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी ने म्हणून.

"पण आई म्हणते महाबळेश्वर, आणि मावश्या म्हणतात पाचगणी," तो म्हणाला. "दोन्ही शेजारीशेजारीच ना? मग फरक काय?"

सीझनमध्ये हा प्रश्न अनुपमाला रोज कोणीतरी विचारायचंच. उत्तर तोंडपाठ होतं. पाचगणी शांत, शाळांचं गाव, पठार मोठं. महाबळेश्वरला बाजार, तलाव, पॉइंट, जुनं देऊळ. ती बोलत गेली आणि तो ऐकत गेला, पोस्टरकडे न बघता तिच्याकडे बघत. ते लक्षात आल्यावर तिचं एक वाक्य मध्येच तुटलं. खरं सांगायचं तर बाईसाहेबांनी दोन्हीतलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं. वाकोल्याची चाळ, अंधेरीचं ऑफिस आणि मे महिन्यात देवगडजवळचं आजोळ, एवढीच तिची दुनिया. पण ते गिऱ्हाइकाला थोडंच सांगायचं असतं?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तेव्हा दोऱ्याचं दुकान उघडं होतं, तरी तिच्याच दारात उभा. आईला देऊळ हवंय, पण मावश्यांना चढ नको… मग तिसऱ्या दिवशी मावश्यांना देऊळ पटलं होतं आणि आईला पठार. रोज नवी अडचण. अनुपमा ओळखून होती की वेसाव्याच्या त्या बायकांनी एवढी भांडणं काही केली नसणार. पण तिनं तसं म्हटलं नाही. सकाळी साडी निवडायला मात्र तिला वेळ लागायला लागला, आणि तिची आई, प्रेमा, तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागली.

घरी वेगळंच चाललं होतं. बाबा, गुणाजी, गिरणी सुटल्यापासून एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर वॉचमन होते, आणि देवगडच्या एका स्थळाची चौकशी करत होते. आपल्यातला, नोकरीवाला. पत्रिका मागवली होती. अनुपमा त्यावर काही बोलली नव्हती. बोलण्यासारखं होतं तरी काय? एक कोळ्याचा मुलगा रोज येतो आणि कुठे जाऊ विचारतो, एवढंच ना?

शेवटी एका दुपारी तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला, "अनुपमा, आता तूच ठरव. तू म्हणशील तिथं जातो."

'मॅडम'ची 'अनुपमा' कधी झाली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मी का ठरवू? मी थोडीच येणार आहे?" ती म्हणाली.

"येणार असतीस तर?"

तिनं टेबलावरचा पेन उगाच सरळ केला. मग खाली बघतच म्हणाली, "महाबळेश्वर."

"का?"

"तिथून परत आलेली माणसं… वेगळी दिसतात. खूश." नवीन लग्न झालेली माणसं, असं तिला म्हणायचं होतं, पण ते तिनं गिळलं.

"ठरलं तर मग. तुझ्या भरवशावर जातोय हां," तो म्हणाला.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलात ऑफिससाठी कायम खोल्या राखलेल्या असत. पावतीपुस्तकातला कागद फाडून दिला की झालं, विचारायची गरज नसे. सीझनभर तिनं तेच केलं होतं. आताही केलं. एसटीनं जा, असं सांगितलं आणि तो पायरी उतरून गेल्यावर त्या रिकाम्या दाराकडे ती खुळ्यासारखी बघत बसली.

ते सगळे सकाळच्या गाडीनं गेले, आणि दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश गावाहून परतले. त्यांनी छत्री टेकवली, पावतीपुस्तक सहज उघडलं आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय? जुलैत महाबळेश्वर?"

"हो. वेसाव्याची माणसं आहेत. आठ-दहा जणं."

"अगं, पावसात महाबळेश्वर बंद असतं."

अनुपमाला कळेचना. गाव बंद कसं असेल? दुकान बंद असतं, शाळा बंद असते… गाव?

चंद्रप्रकाशांनी मग सगळं सांगितलं. तिथला पाऊस इथल्यासारखा नसतो. जूनच्या मध्यावर हॉटेलं कुलपं लावतात, भिंती ओल खाऊ नयेत म्हणून गवतानं झाकून घेतात, नोकर गावाला जातात. पार गणपती होईपर्यंत वर चिटपाखरू नसतं. पाचगणीत पाऊस कितीतरी कमी, तिथं निदान राहता तरी आलं असतं. हे काय सांगायचं, सगळ्यांनाच ठाऊक असतं, असं त्यांना वाटलं होतं. तिनं फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

"वाट लागली," चंद्रप्रकाश म्हणाले. "गाठ कोळणींशी आहे. त्या आल्या की तूच बोल, मी मध्ये पडायचा नाही."

नोकरी जाऊ शकते, हे तिला त्या क्षणी सुचायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे नोकरी नव्हतीच. एसटी स्टँडवर बोचकी घेऊन बसलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यामध्ये हातात तिनं दिलेला कागद धरून उभा असलेला हरेश्वर. तुझ्या भरवशावर जातोय, असं म्हणून गेलेला. तो आता या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. टाकलं तरी तसं बघणार नाही. हे मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. आपलं या माणसावर इतकं प्रेम आहे, याचा धक्का महाबळेश्वर बंद असण्याच्या धक्क्याहून मोठा होता.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. घरी ताट तसंच उठायचं. ऑफिसात पायरीवर पाऊल वाजलं की ती हातातलं काम टाकून दाराकडे बघायची.

मग एका सकाळी खरंच पायरी वाजली, आणि ऑफिस बायकांनी भरून गेलं. नऊवारी लुगडी, केसांत फुलं, ओल्या छत्र्या. सगळ्यांच्या पुढे ठसठशीत कुंकवाची सोनूबाई, आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घातलेला हरेश्वर. चंद्रप्रकाश आतल्या खोलीत कधी गेले ते कोणाला दिसलंही नाही.

अनुपमा उठून उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी महाबळेश्वर कधी पाहिलेलंच नाही. पाचगणीही नाही. मी… मला माहीत नव्हतं."

सोनूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. वाईलाच कंडक्टरनं सांगितलं होतं, वर काही नाही म्हणून. पाचगणीला गाडी थांबली तेव्हा गाडीतली सगळी माणसं म्हणाली, इथंच उतरा. बायका बोचकी घेऊन उठल्यासुद्धा. पण हा दारात आडवा उभा राहिला. महाबळेश्वरलाच जायचं, म्हणाला. वर गेल्यावर समोरची छत्री दिसेना असं धुकं, भिंती गवतात गुंडाळलेल्या, आणि हा तो कागद घेऊन कुलपं बघत फिरतोय. संध्याकाळच्या गाडीनं सगळी पुन्हा पाचगणीत आली, आणि मग चार दिवस तिथं झकास गेले, ती गोष्ट वेगळी.

अनुपमानं हरेश्वरकडे बघितलं. "तुला वाटेतच कळलं होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग गेलास कशाला?"

"तू सांगितलं होतंस ना," तो हळूच म्हणाला. "मध्येच उतरलो असतो तर तू खोटी पडली असतीस. मला वाटलं… एक तरी दार उघडं असेल."

अनुपमाची शिव्या खायची तयारी होती, ह्याची नव्हती.

"बघितलंस गो?" सोनूबाई म्हणाली. "दर्यावर बापाचं ऐकत नाय, घरी माझं ऐकत नाय, आन् तुझं ऐकून आमाला ढगात नेलं. असा पोरगा घरात ठेवून आमी काय करू? राहतेस कुठं तू?"

"वा… वाकोल्याला."

"चला गो," सोनूबाई उठत बायकांना म्हणाली. "तिच्या बापाला विचारून येऊ."

हरेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे कोणालाही दिसलं असतं. "आई, अगं…" एवढंच त्याच्या तोंडून आलं. बायका छत्र्या उचलून दाराशी गेल्यासुद्धा. अनुपमाला डोळ्यांपुढे चाळीतला लांबलचक जिना दिसला, शेजारणी दिसल्या, भिंतीला टेकून बसलेले बाबा आणि त्यांच्या खिशातली देवगडची पत्रिका दिसली. बाबा हो म्हणणार नाहीत. निदान लगेच तरी नाहीत.

"थांबा," ती म्हणाली.

सगळ्या थांबल्या. सोनूबाई वळली. हरेश्वरनं डोळे मिटून घेतले.

"आज नको. आज बाबा ड्यूटीवर आहेत," अनुपमा म्हणाली, आणि आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "तोवर मी त्यांच्याशी बोलून घेते. तुम्ही रविवारी या. आणि… यालाही आणा."