नाव घातलेली भांडी

ओर्लानं करपलेलं झाकण आणि त्याचा डबा काउंटरवर ठेवला. "असंच एक झाकण हवंय."

लोणावळ्याच्या बाजारातल्या त्या भांड्यांच्या दुकानात धम्मदीप एका कळशीवर नाव घालत बसला होता. त्यानं मशीन बंद केलं, झाकण उलटसुलट करून पाहिलं. "याच्यावर काय भाजलंत?"

"पाव."

हसू दाबत त्यानं डबा फिरवला. "पण हा डबा तुमचा नाही."

"माझाच. भेट मिळालाय."

"यावर नंदाबाई लिहिलंय."

"हो? मला वाटलं... शुभेच्छा असतील."

मग मात्र तो मोकळेपणानं हसला. ओर्लाला राग आला, आणि त्या हसण्याकडे आपण जरा जास्त वेळ बघतोय याचा आणखी राग आला.

ओर्ला आयर्लंडची. जूनपासून इथल्या एका निवासी शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि जवळच्या औंढे गावात आक्काबाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. पावसाचं तिला कौतुक नव्हतं, तिच्या गावी तो बारा महिने पडतो. बादलीतली आंघोळ जमली, खिडकीतून केळी पळवणारी माकडंही अंगवळणी पडली. एकच गोष्ट कळेना. पहिल्या महिन्यात घराघरातून काही ना काही यायचं, कधी थालीपीठ, कधी अळूवडी, कधी खीर. मग सगळं एकदम बंद झालं. कोणी वाईट बोललं नाही, इतकंच की पूर्वीसारखं कोणी हाकही मारेना. येत्या दहा दिवसांत, पुढच्या शनिवारपर्यंत, तिला वर्षभराच्या करारावर सही करायची होती, नाहीतर घरी परतायचं होतं. जिथं आपण कोणाला नको, तिथं वर्ष कसं काढायचं? परतीचं तिकीट ती रोज फोनवर बघून ठेवत होती.

"अशी किती भांडी आहेत घरी?" धम्मदीपनं विचारलं.

"अकरा. एकात पेनं ठेवलीत, एकात तुळस लावलीय."

"अहो, ती परत द्यायची असतात! आणि रिकामी नाही. आत काहीतरी घालून."

"मग कोणी मागितली का नाहीत?"

"भीड पडते ना. भांडं मागायचं कसं?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. अख्खी आळी डब्यांवाचून अडली होती, पण मॅडमला सांगणार कोण!

त्या रविवारी ओर्लानं बटाटे उकडून लोणी आणि कांद्याची पात घालून कुस्करले. दुसरं काही तिला येत नव्हतं. भांड्यांवरची नावं वाचून घरं शोधून द्यायला धम्मदीप स्कूटर घेऊन हजर झाला. रोज दोन-तीन घरं होत. त्यांचं बोलणं इंग्रजीतून चालायचं, त्यामुळे 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला मराठी माणसाला जो महिना लागतो तो आपोआप वाचला.

नंदाबाईंनी डबा उघडला. बटाटा चाखला. "मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "आमास्नी वाटलं, आमचं खाणं तुला आवडंना. म्हून पाठवायचं थांबलो बग, पोरी."

धम्मदीपनं ते इंग्रजीत सांगितलं. मीठ कमी असल्याचं तेवढं वगळलं.

दुसऱ्या दिवशी नंदाबाईंचाच डबा नाचणीच्या भाकरीसकट परत आला. त्यामागून आणखी दोन.

"हे थांबतं कधी?" ओर्लानं विचारलं.

"थांबत नाही," तो म्हणाला. "थांबलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय."

अकराही भांडी गेली. आता स्कूटरवर बसायला काही कारण उरलं नाही, आणि हे दोघांनाही फार जाणवलं. शुक्रवारी त्यानं आईनं केलेल्या करंज्या आणून दिल्या, एका कोऱ्या डब्यात.

"यावर नाव नाही?"

"घालायचं राहिलं," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "भांड्यांचा दुकानदार आणि घरचा डबा बिननावाचा."

ओर्लाला तो आवडत होता. ती स्वतःशी कबूल करायला घाबरत होती, इतकंच.

शनिवारी दुपारी ती दुकानात आली. डबा काउंटरवर ठेवला. "रिकामा आणला नाहीये."

त्यानं झाकण काढलं. आत घडी घातलेला कागद होता. शाळेचा करार. खाली तिची सही.

कागद तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

"डबा मात्र मला ठेवायचाय," ती म्हणाली. "नाव घालून दे."

मशीन घरघरलं. एरवी त्याची अक्षरं सरळ रेषेत येत, आज पहिलंच अक्षर जरा वाकडं आलं. ओर्लानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे ओर्ला?"

"हो."

"मग खाली एवढी जागा का सोडलीस?"

"आमच्याकडे..." त्याचे कान लाल झाले. "लग्नाच्या भांड्यावर दोन नावं असतात."

बाहेर चिक्कीच्या दुकानावर गर्दी होती, एक गाडी उगाच हॉर्न वाजवत होती. ओर्लानं मशीन उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"मला मराठी लिहिता येत नाही," ती म्हणाली. "तूच घाल."