विजोड खुर्च्या

"आईचं कपाट न्यायला आलेय," दारातून आत न येताच लेक म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज कानावर पडला म्हणून बापाच्या जिवात जीव येतो न येतो तोच तो पुन्हा घशाशी आला... कारण कपाट घरात नव्हतं.

तो दार अडवून उभा राहिला. आयुष्यभर टेम्पोतून लोकांचे संसार या घरातून त्या घरात पोचवले होते त्यानं. कुठलं अवजड सामान कुठल्या दारातून कसं वळवायचं, हे त्याला डोळे झाकून कळायचं. पण पोटच्या पोरीला आपल्याच दारातून परत कसं पाठवायचं, हे काही सुचेना.

"आज राहू दे, मने. नंतर बघू."

"नंतर कधी? दुसरं काही मागितलंय का मी तुमच्याकडे?"

"अगं, आधी आत तर जाऊ," मागे जिन्यात उभा असलेला जावई म्हणाला. इलेक्ट्रिशियन होता तो, अबोल पोरगा.

तिचं खरंच होतं. तिनं काहीच मागितलं नव्हतं. मागितलं होतं ते बापानं, आणि तिथंच सगळं फिसकटलं होतं.

बायको जाताना त्याचा हात धरून म्हणाली होती, "पोरीला रिकाम्या घरात पाठवू नका." आणि लेक-जावयानं भाड्यानं घेतलेल्या त्या दोन खोल्या तर अगदीच उघड्याबोडक्या होत्या. शेवटी त्यानं ठरवलं, पाहुण्यांनाच सांगायचं... फुलं नकोत, पाकिटं नकोत, घरात लागेल असं काहीतरी द्या. बायको असती तर तिनं हे काम हसत-हसत केलं असतं. बहिणीला म्हणाली असती, तू गादी आण. शेजाऱ्यांना म्हणाली असती, तुमचं ते कपाट नुसतं धूळ खातंय, माझ्या लेकीला द्या. कोणाला राग आला नसता. पण याला जन्मात कधी कोणाकडे मागायची सवय नव्हती. जो तो विचारी, "काय आणू?" आणि पलंग हा शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरे. "एखादी जास्तीची खुर्ची असली तर बघा," तो पुटपुटे. खुर्ची म्हणजे कमीत कमी, कोणाला जड जाणार नाही. आणि लाजेपायी तो प्रत्येकाला तेवढंच म्हणाला.

प्रत्येकानं त्याचा शब्द मनापासून पाळला.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारातून खुर्च्या येऊ लागल्या. मावशीनं वेताची आणली, शिंप्यानं चाकांची, कंपाउंडरनं हात नसलेली लोखंडी, शेजारच्या मास्तरांनी झुलती. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, मग लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "व्याही, तुमच्या पाहुण्यांना काय वाटलं, आम्ही बसायलाही देणार नाही?"

"सलून टाकतोय वाटतं जावई," मागून कोणीतरी म्हणालं, आणि एकच हशा पिकला.

लेक मान खाली घालून उभी होती. निघताना ती बापाजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई असती तर माझं असं हसं झालं नसतं. आता मला तोंड दाखवू नका."

पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून दुसरं त्यानं मुकाट्यानं पाळलं.

दुसऱ्याच दिवशी खुर्च्या टेम्पोत घालून तो जुन्या सामानाच्या दुकानात गेला. यांच्या बदल्यात एक पलंग, एक कपाट, एक टेबल दे, म्हणाला. दुकानदारानं टेम्पोत डोकावून मान हलवली. "जोडीच्या असत्या तर घेतल्या असत्या, काका. विजोड खुर्च्या कोण घेतो?"

टेम्पो भरून खुर्च्या समोर असताना बाप दुकानाच्या पायरीवरच बसला. काय करावं... कोणाकडे जावं... बायकोला काय तोंड दाखवावं? मग तो उठला, घरी गेला आणि आपलाच पलंग जिन्यानं उतरवला, मग टेबल, आणि सगळ्यात शेवटी बायकोचं कपाट. घरचं सामान लेकीनं ओळखलं असतं आणि उंबऱ्यावरूनच परत धाडलं असतं, म्हणून ते दुकानात देऊन त्यानं त्याच तोलाचं दुसरं घेतलं. ती कामावर गेलेली बघून ते जावयाच्या हवाली केलं आणि सांगितलं, "खुर्च्यांच्या बदल्यात मिळालं."

जावयालाही ते खरंच वाटलं.

"सरका, बाबा," आता लेक म्हणाली आणि त्याच्या हाताखालून आत शिरली.

आत पाय टाकला आणि ती थबकली. खोलीभर खुर्च्याच खुर्च्या होत्या. मावशीच्या वेताच्या खुर्चीवर आईच्या शाली, शिंप्याच्या खुर्चीवर आईचे रुमाल, झुलत्या खुर्चीत आईचा निळा स्वेटर, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. आणि खिडकीशी दोन खुर्च्या तोंडाला तोंड लावून मांडलेल्या, वर एक उशी.

"दुकानदारानं खुर्च्या घेतल्याच नाहीत," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मग आमचं कपाट... बाबा, आमच्याकडचं कपाट कशाच्या बदल्यात आलं?"

जावयानं दारातच डोळे पुसले.

"तुम्ही झोपता कुठं? यावर?"

"पाठ बरी राहते," बाप म्हणाला. "डॉक्टरही म्हणतात, फार मऊ नको."

"कुठला डॉक्टर म्हणाला?"

तो उशी सारखी करू लागला. तशी ती खाली जमिनीवरच बसली, त्याच्या पायाशी, आणि लहानपणी रडायची तशी तोंड लपवून रडू लागली. "मी बोलले ते... मला तसं नव्हतं हो म्हणायचं..."

"बोलायलाच पाहिजे होतंस. चुकलंच होतं माझं. तुझ्या आईला जमायचं ते मला..."

मग तिनं तो निळा स्वेटर मांडीवर घेतला. "आई रिकाम्या घराला एवढी का भ्यायची, बाबा?"

बायको गेल्यापासून तिच्याबद्दल तो कोणाशी चकार शब्द बोलला नव्हता. आता तो लेकीशेजारी जमिनीवर बसला, घसा खाकरला.

"आमच्या खोलीत पहिल्या दिवशी चटईसुद्धा नव्हती. जरा बोललं की आवाज घुमायचा. ती म्हणाली, अहो, इथं भांडण झालं तर सगळी चाळ ऐकेल. मग आम्ही कुजबुजत भांडायचो."

लेक रडता रडता हसली. "कशावरून?"

"कशावरूनही. एकदा तर..." तो सांगू लागला. मध्येच तो अडखळला, थांबला, पण लेकीनं पाणी आणलं नाही की पुरे म्हटलं नाही, नुसती वाट बघत राहिली. तेव्हा त्यानं डोळे पुसले आणि पुढचं सांगितलं.