न लिहिलेली ओळ

ऋजुताने चार ओळी लिहिल्या होत्या. पडद्यावर पाच उमटल्या.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात, भाड्याच्या खोलीत ती एकटीच होती. बाहेर शनिवारची दुपार धुक्यात बुडाली होती. तिथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन प्रोग्रॅमिंग वर्गात मुरलीधर सरांनी नुकताच ॲरे शिकवला होता: ओळीने मांडलेले कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात अवतरणचिन्हांत बंदिस्त केलेला मजकूर, म्हणजे स्ट्रिंग. तिने आंबा, चिकू, पेरू आणि फणस ठेवले होते. पाचव्या कप्प्यात लिहिले होते, "तुमच्याकडेही धुके आहे का?"

तिने ती ओळ खोडली आणि हात मांडीवर घेतले. तिच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर पुन्हा उमटू लागले... "घाबरलात?"

तिने खाली लिहिले, "कोण?"

"हे पान सरांनी मला दिले आहे. तुम्ही कोण?"

मग उलगडा झाला. सरावाच्या पानाची एकच लिंक सरांकडून चुकून दोघांना गेली होती. सरांना कळवणे हाच योग्य मार्ग होता. दोघांनीही तो टाळला.

पुढचे सात शनिवार फळांच्या यादीखाली ओळी वाढत गेल्या. तो नागपूरचा होता, याच गावातील एका कंपनीत कामाला होता, आणि स्वयंपाकात फक्त वरण त्याला जमत होते. तिने आपल्या मोगऱ्याच्या अत्तराविषयी लिहिले होते. वर्गात सर्वांचे कॅमेरे बंद असत, त्यामुळे त्याला चेहरा नव्हता. कधी ती भलत्याच वेळी पान उघडी. तेव्हाही त्याचा कर्सर रिकाम्या कप्प्यात लुकलुकत असे. ती काहीच लिहीत नसे, तरी कुणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे वाटून ती खिडकीचा पडदा ओढून घेई. आणि पुन्हा पान उघडी.

सरांनी यादी अकारविल्हे लावायला शिकवले, त्या दिवशी तिने त्याची 'मी'ने सुरू होणारी वाक्येही त्यात ओढली.

"मला शेवटी का टाकलेत?" त्याने लिहिले.

"नियम आहे. नाव सांगा, जागा बदलून मिळेल."

"नाव... समोर आल्यावर सांगेन."

शेवटच्या शनिवारी सरांनी जाहीर केले की वर्ग संपला, चार वाजता सर्व पाने पुसली जातील. ऋजुताकडे त्याचे नाव नव्हते, नंबर नव्हता. पान गेले की तोही जाणार होता. तेवढ्यात ओळ उमटली: "तीन वाजता वाचनालयात या. दारापासून मोजा. टेबल [3]."

वाचनालयात उंच कपाटांच्या आडोशाला एकेक टेबल होते. दारापासून तिसऱ्या टेबलाशी ती बसली. साडेतीन झाले. समोरची खुर्ची रिकामीच होती. तिने लॅपटॉप उघडला.

"आला नाहीत," तिने लिहिले.

"मी केव्हाचा टेबलाशी बसलो आहे."

"इथे कुणीच नाही."

"मला तर तुमचे अत्तरही जाणवते आहे."

तिच्या अंगावर काटा आला. समोरच्या खुर्चीकडे पाहण्याचा तिला धीर होईना. तिने श्वास रोखला आणि मगच तिला तो आवाज ऐकू आला. पडद्यावर अक्षर उमटले की पाठीमागे टक् होत होते. अक्षर... टक्. अक्षर... टक्.

चार वाजायला सहा मिनिटे होती. पळून जावे असे तिला वाटले. पण पळाली तर हे कोण होते ते तिला कधीच कळणार नव्हते. ती कंसातल्या आकड्याकडे पाहत राहिली. ॲरेतील पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य असतो. त्याने टेबलेही तशीच मोजली होती! त्याचा तीन म्हणजे चौथे टेबल.

ती कपाटाला वळसा घालून गेली. मफलर गुंडाळलेला एक तरुण लॅपटॉपवर ओणवा झाला होता. त्याने वर पाहिले. आणि बोलण्याऐवजी सवयीने त्याची बोटे पुन्हा कळांकडे वळली.

ऋजुताने हलकेच त्याच्या लॅपटॉपचे झाकण मिटले.

"आता बोला," ती म्हणाली.

"अनिश," तो म्हणाला. त्याचा आवाज तिने कल्पिला होता त्याहून बराच घाबरलेला होता. "आणि... मला तुमच्याशिवाय शनिवार नको आहेत."

चार वाजून गेले. पान पुसले गेले असावे. दोघांपैकी कुणीही ते उघडून पाहिले नाही.