आढ्याखालची दोन अक्षरं

सायकल कुंपणाला टेकवून हेटी लार्टर तणतणतच फाटकातून आत शिरली.

"अहो, आधी खाली उतरा! काय थापताय ते?"

शिडीवरचा तरुण दचकला. नॉरफोकच्या त्या खेड्यातलं हे छोटं घर एडविन ब्रूमनं महिन्यापूर्वी घेतलं होतं, आणि आज तो भिंतीतल्या गारगोट्यांमधले सांधे मोठ्या हौसेनं सिमेंटनं बुजवत होता. वारा आत येतो म्हणून... असं काहीतरी तो पुटपुटला, तशी हेटी आणखीच भडकली. ही भिंत तिच्या वडिलांनी चुन्यात बांधलेली. ते गेल्यावर त्यांच्या हातचं गावात एवढंच उरलं होतं. सिमेंटनं ओल आत कोंडणार, कडाक्याच्या थंडीत कोपऱ्यांच्या विटांचे पापुद्रे सुटणार, मग दगड निखळणार... आणि या शहाण्याला त्याचा पत्ताच नाही!

"मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"मी सांगतेय ना? ओलं आहे तोवर खरवडा."

भुरभुर पावसात दोघं दुपारभर खरवडत राहिले. त्याच्या भुवईवर सिमेंट वाळलं होतं आणि तो उगाचच हसत होता. तो हसताना बरा दिसतो, हे लक्षात आल्यावर हेटीला स्वतःचाच राग आला.

आढ्याखालचा भिंतीचा त्रिकोण ढिला निघाला, तो उतरवून नव्यानं बांधायचा ठरला; हेटी वडिलांच्या हाताखालीच हे काम शिकली होती. गारगोटी पाणी पीत नाही, चुना सावकाश सुकतो, म्हणून दिवसाला हातभरच बांधायचं आणि थांबायचं. थांबण्याच्या त्या वेळात तो चहा करायचा.

"अर्धाच हात बांधला तर?" त्यानं एकदा विचारलं.

"कामचुकार आहात."

"नाही... चहा जास्त दिवस पुरेल."

त्या दिवशी तिनं कप सावकाश संपवला.

शेवटच्या दिवशी तिला यायला उशीर झाला. वाटेत टपालवाल्या बाईंनी तिचं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते फाटकातून वर पाहिल्यावर कळलं. आढ्याखाली लाल विटांत दोन इंग्रजी अक्षरं — एडविनचा ई आणि हेटीचा एच. तिथं घरातल्या जोडप्याचीच अक्षरं बसवतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक!

"मला विचारलंस?" रागाच्या भरात तिचं 'अहो' कुठल्या कुठे गेलं.

"मी तोंड उघडलं की तू ओरडतेस..."

"म्हणून आधी गावाला सांगितलंस?"

ती तरातरा शिडी चढली आणि एचच्या विटा एकेक करून उपसून काढल्या. चुना ओलाच होता. एडविनचा चेहरा पडला, तरी तो खाली शिडी धरून उभा राहिला.

"थापी दे," ती वरून म्हणाली.

"कशाला?"

"एच वाकडा लावलायस. बाबांच्या भिंतीत वाकडं चालायचं नाही."

तिनं विटा पुसल्या, ओळंबा धरून पुन्हा बसवल्या, ईच्या जरा जवळ.

"हं... आता विचार," ती खाली न बघताच म्हणाली. "ओरडणार नाही मी."