सोवळ्यातलं यंत्र

खंडेनवमीला मिरजेच्या श्वासकेंद्रात यंत्रांना सुट्टी देता येत नसे, तेवढं सोडलं तर पूजा साग्रसंगीत. मॉनिटरना हळदकुंकू, तपासणीच्या खुर्च्यांना झेंडूच्या माळा, हॉलभर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. यंदा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की सोवळ्यातलं यंत्रही पूजेला आणायचं.

सोवळ्यातलं, कारण त्याला कुणी शिवायचं नाही. इंटरनेटची तार लावायची नाही, पेनड्राइव्ह खोचायचा नाही. केंद्रातल्या संगणकांची सुरक्षा जयमाला हेरवाडेकडे होती आणि या एका यंत्राच्या बाबतीत ती खाष्ट सासूलाही लाजवेल इतकी कडक होती. कडक असायला कारणही तसंच होतं. तिचा मोठा भाऊ सुकुमार त्या यंत्राच्या जिवावर श्वास घेत होता.

सुकुमारच्या मेंदूकडून श्वासाचा हुकूम येईनासा झाला, तेव्हा त्याच्या छातीत श्वासक बसवला. वाटाण्याएवढं यंत्र, फुप्फुसांखालच्या पडद्याला सांगायचं, आता खाली, आता वर. त्याचं सगळं सॉफ्टवेअर 'मेरू' नावाच्या तयार चौकटीवर उभं होतं, जसं घर खांबांवर उभं असतं. मग एके दिवशी कंपनीनं मेरूचा आधार बंद केला. म्हणजे सुरक्षेत भोकं सापडली तरी ती बुजवणारी ठिगळं मिळणार नाहीत. हात वर केले आणि मोकळे झाले! ज्यांना झेपलं त्यांनी नवे श्वासक बसवून घेतले. ज्यांची छाती पुन्हा उघडणं धोक्याचं होतं, ते चाळीसेक जण मेरूवरच राहिले. त्यांच्या श्वासकांना आदेश देणारं यंत्र जयमालानं जगापासून तोडून ठेवलं. रुग्णांशी त्याचं बोलणं फक्त एका खाजगी रेडिओवाटेनं चाले.

पूजेला आणायचं तर विजेची सोडून दुसरी तार लागता कामा नये, एवढी एकच अट तिनं घातली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आरती सुरू झाली. जयमालानं डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात केंद्राचे जुने वायरमन शिखरेकाका यांना राहवेना. सगळ्या पडद्यांवर आरती झळकत होती आणि हे एकटं देवापुढं काळं तोंड करून बसलेलं. बरं दिसतं का ते? सणासुदीला? त्यांनी हॉलच्या नेटवर्कची, म्हणजे इंटरनेटचीच, तार त्यात खोचली. पडद्यावर समया उजळल्या. काकांनी समाधानानं टाळ्यांचा ठेका धरला.

प्रसाद वाटायच्या आतच सुकुमार खुर्चीत वाकडा झाला.

"जये," तो कसाबसा म्हणाला, "चुकायलंय... काहीतरी."

जयमालानं आधी त्याचे निळसर ओठ पाहिले, मग ती तार. "काका! हे काय करून ठेवलंत?" तिनं तार उपटली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मेरूची उघडी भोकं हुंगत फिरणारे किडे, म्हणजे आपोआप पसरणारे प्रोग्रॅम, जगभर वळवळत होते. त्यांतला एक आत शिरून रेडिओवाटेनं थेट छात्यांमध्ये पोचला होता. त्याला श्वास कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. त्याला फक्त पसरायला जागा हवी होती आणि त्या जागेपायी श्वासकांचे हुकूम अडत होते.

प्रत्येक रुग्णाकडे हातानं दाबायची श्वासपिशवी होती. "पिशव्या काढा! दाबत राहा, थांबू नका!" जयमाला ओरडली. जे घरी होते त्यांना फोन गेले. शिखरेकाका रडत रडत सुकुमारच्या तोंडावर पिशवी धरून दाबू लागले.

जयमालानं कंपनीला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली, या उत्पादनाचा आधार संपला आहे. "तुमचं वाटोळं होवो," म्हणून तिनं फोन आपटला. श्वासक फक्त कंपनीच्या शिक्क्याचं ठिगळ घेत आणि तो शिक्का कंपनीनं कधीच मोडीत काढला होता. सरळ दार कायमचं बंद होतं.

उरलं होतं ते भोक. किडा गेला तिथून तिलाही जाता येणार होतं. तिनं तिथूनच आत शिरून किड्याला हुसकावणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पण तपासून बघायला वेळ कुणाकडे होता? एक ओळ चुकली तर श्वासक कायमचा गप्प बसणार होता.

सुकुमारनं पिशवी क्षणभर बाजूला सारली. "आधी... माझ्यावर."

"दादा, गप बस."

"कुणावर... करणार मग?"

तिनं डोळे पुसले आणि प्रोग्रॅम सोडला. काकांनी दाबणं थांबवलं. छाती हलली नाही. मग हलली. एकदा, पुन्हा एकदा, आपली आपण. जयमालाला हुंदका आवरेना.

पण प्रत्येक श्वासाच्या शेवटी छाती बारीकशी अडखळत होती. आधी तसं होत नव्हतं. ती किड्यानं केलेली जखम होती की तिच्याच हातची चूक, हे तिला ओळखता येईना. शोधायला वेळ हवा होता. तोवर बाकीच्यांच्या छात्यांतला किडा रेडिओवाटेनं त्याच भोकातून परत येऊ शकत होता. आणि भोक बुजवलं, तर तिच्यासकट कुणालाच पुन्हा कधी आत जाता येणार नव्हतं.

"दादा, अजून अडखळतंय रे. बुजवू कसं?"

"अगं, बाकीच्यांची माणसं पिशव्या दाबायल्यात," सुकुमार म्हणाला. "हात भरून आले असतील त्यांचे. बुजव की."

तिनं त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं सगळ्या श्वासकांतला किडा हुसकावून भोक बुजवायची आज्ञा टंकली. आता फक्त एक कळ दाबायची उरली होती. उद्या हे अडखळणं वाढलं, तर कुठून पोचणार होती ती त्याच्यापर्यंत?